ताठ रॉड आणि सावकाश हात

प्रश्न : मी नाशिकचा, वय ५७. गेली चार वर्षे दर मे महिन्यात हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवर फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे कृत्रिम माशी वापरून केलेल्या मासेमारीसाठी जातो. पहिली तीन वर्षे गुशैणीला मुक्कामाच्या ठिकाणी भाड्याने मिळणारा जुना रॉड वापरला आणि माझे बरे चालले होते. यंदा अमेरिकेतील मुलाने दिलेला ९ फुटी, ५ क्रमांकाचा, 'फास्ट अ‍ॅक्शन'चा महागडा रॉड घेऊन गेलो आणि सगळेच बिघडले. लाइन सरळ न पडता ढीग होऊन पडते, जोर लावला की लीडरला, म्हणजे लाइनीच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, गाठी बसतात आणि दुपारपर्यंत मनगट ठणकू लागते. एक जाणकार म्हणतात सवय होईल, दुसरे म्हणतात मऊ रॉड घ्या. नाचता येईना अंगण वाकडे, अशातली तर माझी गत नाही ना? आणि दुसरा रॉड घ्यायचाच झाला तर कोणता घ्यावा?

उत्तर : तुम्ही स्वतःला लावून घेतलेली म्हण तुमच्या बाबतीत निम्मीच लागू पडते. नाचात थोडी कसर आहे हे खरे, पण अंगणही तुमच्या नाचाच्या मापाचे नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्याशिवाय नवा रॉड घेऊ नका, कारण रॉड बदलून हाताचा दोष जात नाही, आणि कितीही सराव केला तरी जो रॉड तुमच्या अंतरावर वाकतच नाही तो वाकू लागत नाही.

आधी तुमच्या तक्रारींकडे पाहू. ढीग, गाठी आणि मनगट या तीन वेगळ्या तक्रारी नसून एकाच गोष्टीच्या तीन पायऱ्या आहेत. फेकताना हवेत लाइनीचा जो वळसा तयार होतो, ज्याला आपण सगळे लूप म्हणतो, तो अरुंद हवा असेल तर रॉडचा शेंडा जवळजवळ सरळ रेषेत प्रवास करायला हवा. रॉड हातात फिरतो तो मात्र कोनात, पंख्याच्या पात्यासारखा. अजिबात न वाकणारी काठी अशी फिरवली तर तिचा शेंडा कमानीतूनच जाणार. फिरता फिरता रॉडला बाक येतो, बाक आल्याने रॉडची लांबी तेवढ्यापुरती कमी होते आणि कमानीचा फुगवटा दाबला जाऊन शेंड्याची वाट सरळ होते. म्हणून मऊ रॉडला मोठा कोन चालतो, किंबहुना लागतोच, आणि ताठ रॉडला लहान कोन पुरतो. तुमचा हात तीन वर्षे भाड्याच्या जुन्या रॉडवर घडला. तो रॉड बहुधा मुठीपर्यंत वाकणारा असावा, कारण भाड्याने फिरणारे जुने रॉड सहसा तसेच असतात. त्याच्यावर शिकलेला ऐसपैस, सावकाश कोन तुम्ही ताठ रॉडवर वापरलात, त्यामुळे शेंडा कमानीतून गेला, लूप फाकला आणि लाइन ढीग होऊन खाली आली. ती सरळ पडावी म्हणून तुम्ही शेवटच्या क्षणी एकदम जोर लावलात. त्या हिसक्याने शेंडा मध्येच खचून सरळ रेषेच्या खाली गेला, लूपची वरची बाजू खालच्या बाजूला छेदून गेली आणि लीडरला गाठ बसली. या गाठींचा दोष लोक वाऱ्याला देतात, पण वारा पडलेला असतानाही त्या बसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. हा हिसका सकाळभर देत राहिल्यावर मनगट दुखणारच.

आता अंगणाकडे येऊ. रॉडवर जो ५ हा आकडा लिहिलेला आहे, तो रॉडचा नसून लाइनीचा आहे. अमेरिकेतील मासेमारीचे साहित्य बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९६०च्या सुमारास ठरवलेल्या मापानुसार लाइनीच्या पुढच्या टोकाकडील पहिल्या ३० फुटांचे वजन घेऊन तिला क्रमांक दिला जातो. ५ क्रमांकाच्या लाइनीच्या त्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. ४ क्रमांकाचे १२० ग्रेन, ६ क्रमांकाचे १६० ग्रेन. म्हणजे या पट्ट्यात एका क्रमांकाचा फरक जेमतेम सव्वा ग्रॅमचा आहे. तेव्हा तुमच्या रॉडवरच्या आकड्याचा अर्थ एवढाच की शेंड्याबाहेर ३० फूट लाइन असेल, तिचे ९ ग्रॅम ओझे शेंड्यावर येईल आणि त्या ओझ्याने हा रॉड योग्य तितका वाकेल, असे बनवणाऱ्याचे मत आहे. ते मतच आहे, कारण रॉडच्या ताठपणाचे असे सर्वमान्य माप अस्तित्वात नाही. एका कंपनीचा 'फास्ट' तो दुसऱ्या कंपनीचा 'मीडियम फास्ट' असू शकतो.

आणि तीर्थनवर तुम्ही किती लाइन बाहेर काढता? नागिनी ते गुशैणीच्या पट्ट्यात नदी धोंड्यांमधून उतरते, मासा धोंड्यामागच्या संथ पाण्यात उभा असतो आणि तुम्ही त्याच्यापासून फार तर ३० फुटांवर असता. त्या ३० फुटांतले ९ फूट लीडरने व्यापलेले असतात, आणि पुढे केलेला हात आणि रॉड मिळून आणखी आठेक फूट. उरली शेंड्याबाहेरची लाइन तेरा फूट, आणि तीही पुढच्या बाजूची, निमुळती, हलकी. तिचे वजन चार ग्रॅमसुद्धा भरणार नाही. नऊ ग्रॅमसाठी बांधलेल्या ताठ रॉडला तुम्ही चार ग्रॅमने वाकवू पाहत आहात आणि तो वाकत नाही म्हणून स्वतःला दोष देत आहात. मुलाने निवडलेला रॉड चांगलाच असणार, पण तो रुंद नदीसाठी किंवा तलावासाठी आहे, जिथे ४०-५० फूट लाइन हवेत ठेवावी लागते आणि समोरून वारा येतो. फास्ट रॉड शेंड्याकडच्या तिसऱ्या हिश्शात वाकतो, मीडियम रॉड मध्यापर्यंत वाकतो आणि स्लो रॉडचा बाक मुठीपाशी हाताला जाणवतो. लांब पल्ल्याला पहिला सोयीचा, जवळच्या पल्ल्याला दुसरा आणि तिसरा. यात उत्तम-मध्यम-कनिष्ठ अशी उतरंड नाही. ती जाहिरातींनी लावलेली आहे.

मीही या उतरंडीला भुललो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानदाराने माझ्यासमोर रॉड दोनदा हवेत झटकला, शेंडा कसा टाचणीसारखा जागच्या जागी थांबतो ते दाखवले, आणि मी तो घेऊन आलो. पुढे तीर्थनच्या काठावर एका वयस्क स्थानिक वाटाड्याने तो माझ्या हातातून घेतला, लाइन फक्त दोन वाव सोडली, कोपर बरगडीला चिकटवून ठेवले आणि मनगटासह हात जेमतेम वीतभर पुढे नेऊन असा थांबवला, की भिंतीला थटून थांबावा. लाइन सरळ पडली. मग त्याने स्वतःचा पिवळट पडलेला फायबरग्लासचा रॉड माझ्या हाती दिला आणि म्हणाला, 'साहब, इसमें रुकना पड़ता है.' तो रॉड मागे नेल्यावर मुठीपर्यंत हळूहळू भरत गेलेला मला जाणवला, आणि पुढे कधी निघायचे ते मला ठरवावेच लागले नाही. रॉडनेच सांगितले. त्याच्या हाताला दोन्ही रॉड चालत होते आणि माझ्या हाताला एकच, एवढाच आम्हा दोघांत फरक होता. गाण्यात जशी प्रत्येकाची एक नैसर्गिक लय असते, तशी ती फेकणाऱ्या हातालाही असते. तुमचे पत्र वाचून तुमचा हात विलंबितातला वाटतो, आणि तीर्थनसारख्या नदीवर तो मुळीच वाईट नाही.

तरीही माझ्या अंदाजावर विसंबून पैसे घालू नका, आधी मोजून पाहा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट माशाच्या पाण्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा हिवाळा हाताशी आहे. नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी होण्याआधी जा, किंवा असेच कोणतेही गवताचे मोकळे मैदान पाहा. डांबर किंवा फरशीवर लाइन टाकू नका, तिचे वरचे आवरण खरवडते. गळ कधीही बांधू नका. लीडरच्या टोकाला लाल लोकरीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बांधा. लाइनीवर तिच्या पुढच्या टोकापासून १५, ३० आणि ४५ फुटांवर कायमस्वरूपी शाईच्या पेनाने बारीक खुणा करा, आणि घरातल्या कोणाला तरी काटकोनात, वीसेक पावलांवर उभे करून मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करायला सांगा. प्रत्येक खुणेवर पाच-सहा फेका पुरेत. अर्धा तास झाला की थांबा, दमलेल्या हाताचे माप खोटे येते.

चित्रणात दोनच गोष्टी पाहायच्या : रॉड कुठपर्यंत वाकतो आणि लूपची वरची व खालची बाजू किती अंतरावर आहेत. १५ फुटांवर लूप फाकलेला, पण ३० आणि ४५ फुटांवर तो आपोआप दोन-तीन फुटांपर्यंत आवळत जातो आणि लाइन सुटते, असे दिसले, तर हात ठीक आहे आणि रॉड तुमच्या नदीसाठी ताठ आहे. ४५ फुटांवरही लूप फाकलेलाच राहिला, तर रॉडला दोष देता येणार नाही. तेव्हा कोनच मोठा आहे, आणि तो मोठा कोन नव्या रॉडवरही तुमच्यासोबत येईल. माझा अंदाज असा की तुमच्या चित्रणात या दोन्हींचे मिश्रण दिसेल.

कोनासाठी एकच उपाय सुचवतो. घड्याळाच्या भाषेत १० ते २ असे जे आपल्याला सुरुवातीला शिकवले जाते, ते विसरा. ते भाड्याच्या रॉडवर चालून गेले. ताठ रॉडवर १५ फूट लाइन असताना साडेदहा ते साडेबारा एवढ्यातच हात फिरवा, आणि दोन्ही टोकांना तो सावकाश न विरघळवता ठामपणे थांबवा. लाइन आखूड म्हणजे मागे उलगडायला लागणारा वेळही कमी, तेव्हा मागचा थांबा तुमच्या सवयीपेक्षा बराच लहान येईल. मूठ आवळू नका. हात थांबण्याच्या क्षणापुरती ती घट्ट व्हावी आणि लगेच सैल पडावी. मनगटाचे निम्मे दुखणे एवढ्यानेच जाईल, मात्र उरलेले महिनाभरात गेले नाही तर ते डॉक्टरांना दाखवा, सदरलेखकाला नव्हे.

एवढे झाल्यावर रॉड न बदलता लाइन बदलून पाहा. हा खर्च रॉडच्या तुलनेत किरकोळ असतो. बाजारात आज जवळच्या पल्ल्यासाठी मुद्दाम बनवलेल्या लाइनी मिळतात, ज्यांची पुढची निमुळती बाजू आखूड असते, म्हणजे वजन शेंड्याबाहेर लवकर येते. त्यांतल्या कित्येक छापील क्रमांकापेक्षा अर्ध्या किंवा पूर्ण क्रमांकाने जड असतात. वेष्टनावर बऱ्याचदा पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये दिलेले असते. ते वाचूनच घ्या, नुसत्या ५ किंवा ६ या आकड्यावर जाऊ नका. साधी ६ क्रमांकाची लाइन ५च्या रॉडवर चढवणे हा सर्रास दिला जाणारा सल्ला आहे. तो चुकीचा नाही, पण वरचे गणित करून पाहा : तेरा फुटांत त्याने जेमतेम अर्धा ग्रॅम वाढतो. तुम्हाला तेवढ्याने काम भागणार नाही, वर सांगितलेल्या आखूड निमुळत्या बाजूच्या लाइनीने कदाचित भागेल. 'डबल टेपर' (दोन्ही टोकांना सारखीच निमुळती) घ्यावी की 'वेट फॉरवर्ड' (पुढचा भाग जाड, मागचा बारीक) या वादात मात्र पडू नका. ३० फुटांच्या आत दोन्हींमध्ये जाणवण्यासारखे अंतर सहसा नसते.

लाइन बदलूनही १५ फुटांवर रॉड मुकाच राहिला, तर दुसरा रॉड घ्यायला हरकत नाही, आणि त्याबद्दल मुलासमोर संकोच बाळगण्याचेही कारण नाही. तुमच्या नदीसाठी आणि तुमच्या लयीसाठी मी साडेआठ फुटी, ४ क्रमांकाचा, मीडियम अ‍ॅक्शनचा रॉड सुचवीन. लांबी याहून कमी करू नका. काठावर झाडी असल्याने सात-साडेसात फुटी रॉडचा मोह होतो, पण धोंड्यांच्या नदीत मासा आणि तुमच्यामध्ये पाण्याच्या तीन वेगवेगळ्या धारा असतात, आणि त्यांच्यावरून लाइन उचलून धरायला लांबीच कामी येते. मागे झाडी असेल तेव्हा मागे न फेकता पाण्यावरून लाइन घरंगळत पुढे टाकण्याचा जो रोल कास्ट असतो, त्यालाही आखूड रॉडपेक्षा लांब रॉड सोपा. तुम्ही वजनदार मण्याच्या निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या कृत्रिम माश्या, वापरत असाल, तर मऊ रॉडचा किंचित उघडा लूप सोयीचाच, कारण अरुंद लूपमधून येणारा तो मणी कधीतरी रॉडवर किंवा तुमच्या कानावर आपटतो. दुपारी दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यात मात्र हा रॉड फास्ट रॉडची बरोबरी करणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या दोन तासांत जेवण करावे, असे माझे वैयक्तिक मत आहे.

साहित्याबद्दल थोडेसे. कार्बन हलका आणि चपळ, फायबरग्लास त्याहून जड, पण थोड्या वजनालाही मनापासून वाकणारा. ४ क्रमांकाच्या रॉडमध्ये तो वजनाचा फरक सोसण्याइतका असतो, म्हणून मिळाल्यास फायबरग्लासचाही विचार करा. चिरलेल्या बांबूच्या सहा पट्ट्या जोडून केलेले रॉड देखणे असतात, पण किमतीला आणि देखभालीला अवघड. जाता जाता एक गंमत : चीनमधला टोंकिन बांबू येण्याआधी, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतले असे रॉड आपल्याकडून जाणाऱ्या 'कलकत्ता' बांबूचे होत, आणि तो बांबू म्हणजे आपल्या विदर्भातली मानवेल. पण तेवढ्यासाठी बांबूचा रॉड घ्यावा, असे नाही.

दुकानात रॉड झटकून पाहण्याने काही कळत नाही, कारण शेंड्यावर लाइनीचे ओझे नसताना सगळेच ताठ रॉड रुबाबदार वाटतात. शक्य असेल तर लाइन चढवून १५ आणि ३० फुटांवर फेकून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ते शक्य नसेल, आणि आपल्याकडे बहुतेकदा नसतेच, तर निदान दोन रॉडांची तुलना घरच्या घरी करता येते. अमेरिकेतील विल्यम हॅनेमन यांनी रॉडची ताकद एक सेंटच्या नाण्यांनी मोजण्याची पद्धत काढली. तिचीच ही स्वयंपाकघरातली आवृत्ती. रॉडची मूठ जेवणाच्या टेबलाच्या कडेला आडवी, जमिनीला समांतर, घट्ट धरून ठेवा. शेंड्याच्या कडीला एक हलकी पिशवी अडकवा आणि तिच्यात चमच्या-चमच्याने तांदूळ घालत जा. शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली, म्हणजे ९ फुटी रॉड असेल तर ३ फूट खाली आला की थांबा, त्याहून पुढे जाऊ नका. पिशवी तांदळासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहून ठेवा. तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या रॉडला त्याच खोलीपर्यंत यायला कमी तांदूळ लागले, तर तो मऊ, मग त्याच्यावर कोणताही क्रमांक छापलेला असो. त्याच वेळी बाजूने एक छायाचित्र काढून शेंड्याचा शेवटचा भाग पाहा. तो जितका उभा खाली वळलेला दिसेल, तितका तो रॉड फक्त शेंड्यात वाकणारा, म्हणजे फास्ट. गुशैणीच्या त्या भाड्याच्या रॉडवर पुढच्या मे महिन्यात हाच प्रयोग केलात, तर तुमच्या हाताला आवडलेल्या रॉडचे माप तुमच्याकडे ग्रॅममध्ये येईल, आणि रॉड विकणाऱ्याशी 'मऊ' आणि 'ताठ' या शब्दांत बोलण्याची वेळ येणार नाही. खरे तर खरेदी तोवर लांबवता आली तर उत्तम.

किमतीबाबत एवढेच, की अमेरिकेतील नामांकित कंपन्यांचे वरच्या श्रेणीतले रॉड आज १,००० डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग आहेत, आणि ३० फुटांच्या आत त्या किमतीचा फारसा भाग तुमच्या कामी येणार नाही. मधल्या श्रेणीतला रॉड घ्या आणि उरलेले पैसे लाइनीवर खर्च करा.

मुलाचा रॉड विकू नका. बियासच्या रुंद पात्रावर, जिथे समोरच्या काठाशी मासा उठताना दिसतो आणि वाऱ्यातून फेकावे लागते, तिथे हाच रॉड बॅगेत असावा असे तुम्हाला वाटेल. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा त्याला मैदानावर न्या, त्याचा रॉड त्याच्याच हातात द्या आणि चित्रण तुम्ही करा. त्याची लय द्रुत निघाली, तर त्याने हा रॉड का निवडला असेल, तेही तुम्हाला दिसेल.